वाचकांचे प्रश्न : सिस्टम बदलली आणि प्रोसेसमधला संवाद बिघडला

एका ऑपरेटिंग सिस्टमवर वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेला प्रोग्राम दुसरीवर नेला. कंपाइल झाला, सुरूही झाला आणि मग अधूनमधून अडू लागला. या वेळच्या जवळजवळ सगळ्या प्रश्नांचा सूर हाच आहे. अशा वेळी आधी एक गोष्ट तपासावी : आपण जुन्या सिस्टमची सवय तिचे वचन समजून बसलो होतो का? फंक्शनांची आणि स्थिरांकांची नावे खाली उच्चाराप्रमाणे दिली आहेत.

प्रश्न : आमच्या दोन प्रोसेस (चालू प्रोग्राम) युनिक्स डोमेन सॉकेटवरून, म्हणजे एकाच मशीनवरच्या जोडणीवरून, एकमेकींना जेसन (मजकूर स्वरूपातला डेटा) संदेश पाठवतात. लिनक्सवर कधी अडचण आली नाही. मॅकवर संदेश मोठा असला की पार्सर (संदेश उलगडणारा कोड) ‘मजकूर अपूर्ण’ म्हणून थांबतो; लहान संदेश नीट जातात. रीडला ६४ केबीचा बफर (तात्पुरती साठवण) दिलेला आहे, तरीही असे का?

उत्तर : स्ट्रीम सॉकेटला संदेश ही गोष्टच ठाऊक नसते. इकडून तीन राइट केले, तर तिकडे एक रीड पुरेल किंवा सात लागतील. बाइट आणि त्यांचा क्रम, एवढ्याचीच हमी असते. लिनक्सवर या सॉकेटचा पाठवण्याचा बफर मुळात २,१२,९९२ बाइटांचा असतो. तुमचा वीस-तीस केबीचा संदेश त्यात एका दमात मावतो आणि पलीकडे बहुधा एकाच रीडमध्ये हाती येतो. मॅकवर हा बफर मुळात ८,१९२ बाइटांचा आहे. तिथे तोच संदेश तुकड्यांनी येणार, आणि पहिल्या तुकड्यालाच पूर्ण संदेश समजणारा कोड फसणार. बफर वाढवून दोष लपेल, जाणार नाही.

प्रत्येक संदेशाआधी त्याची लांबी ४ बाइटांत, मोठा बाइट आधी या क्रमाने पाठवा. घेणाऱ्याने ‘अगदी इतकेच बाइट’ मिळेपर्यंत लूपमध्ये वाचावे. रीडने ईइंटर (सिग्नलमुळे काम मध्येच तुटले) दिला तर पुन्हा वाचायचे. शून्य आले आणि आपण संदेशाच्या मध्ये असू, तर ती एरर धरायची, शांतपणे बाहेर पडायचे नाही. पाठवणाऱ्यालाही असाच लूप हवा, कारण नॉन-ब्लॉकिंग (न थांबता परतणाऱ्या) सॉकेटवर सेंड अर्धेच बाइट घेऊन परत येऊ शकते.

लांबीला कमाल मर्यादा घाला, समजा १६ एमबी. एकदा का वाचणारा ४ बाइट चुकला की मजकुराचाच भाग तो लांबी म्हणून वाचतो. जेसनची सुरुवात महिरपी कंस, अवतरणचिन्ह, आय, डी अशी असेल तर ते बाइट हेक्स (सोळा-पाया) पद्धतीने ७बी २२ ६९ ६४ होतात आणि लांबी निघते २,०६,५८,५२,७७२. मर्यादा नसेल तर प्रोग्राम दोन जीबी मेमरी मागतो आणि सगळे मेमरी कुठे गळते आहे ते शोधत बसतात. लॉगमध्ये दोनशे सहा कोटींच्या आसपासचा आकडा दिसला, तर फ्रेमिंग (संदेशांच्या सीमा आखणे) घसरले आहे हे ओळखावे.

याच सॉकेटबद्दल मॅकवरच्या आणखी काही गोष्टी. ऐकणारे सॉकेट नॉन-ब्लॉकिंग असेल तर ॲक्सेप्टने मिळालेले नवे सॉकेटही मॅकवर आणि बीएसडीवर नॉन-ब्लॉकिंगच असते. लिनक्सवर ते ब्लॉकिंग मिळते. त्यामुळे ‘मॅकवर रीड मध्येच ईअगेन (आत्ता डेटा नाही, पुन्हा या) देते’ अशी तक्रार येते. ॲक्सेप्टनंतर हवी ती अवस्था स्वतः लावा. सॉकेटच्या पत्त्याला लिनक्सवर १०८ बाइट, मॅकवर १०४. मॅकवरच्या तात्पुरत्या फोल्डरचा मार्गच पन्नासेक अक्षरे खातो, म्हणून फाइलचे नाव आखूड ठेवा. शून्य बाइटाने सुरू होणारे, फाइलविना चालणारे पत्ते फक्त लिनक्सवर आहेत. आणि संदेशांच्या सीमा जपणारा सीक्वपॅकेट प्रकार मॅकवर युनिक्स सॉकेटला मिळत नाही, त्यामुळे ती पळवाट धरू नका.

समोरची प्रोसेस मेली की लिहिणाऱ्याला सिगपाइप हा सिग्नल येतो आणि तोही मरतो. लिनक्सवर प्रत्येक सेंडला एमएसजी-नोसिग्नल द्या. मॅकवर सॉकेट तयार होताच त्यावर एसओ-नोसिगपाइप लावा. पाइपवर (एकीचे आउटपुट दुसरीला देणाऱ्या एकदिशा नळीवर) या दोन्हींचा उपयोग नाही. तिथे सिग्नलच दुर्लक्षित करावा लागतो. मात्र ते दुर्लक्ष एक्झेकनंतर (नवा प्रोग्राम सुरू झाल्यावर) चाइल्डकडेही (आपण सुरू केलेल्या प्रोसेसकडेही) जाते, तेव्हा चाइल्ड सुरू करण्याआधी मूळ स्थिती परत आणा.

प्रश्न : लिनक्सवर पॅरेंट प्रोसेस चाइल्डच्या स्टँडर्ड इनपुटवर बायनरी संदेश लिहिते आणि स्टँडर्ड आउटपुटवरून उत्तर वाचते. विंडोजवर तोच कोड कधी चुकीची लांबी वाचतो, कधी डेटा मध्येच संपल्याचे सांगतो, तर कधी कायमचा अडकतो. तिन्ही एकाच दोषाची लक्षणे आहेत का?

उत्तर : नाही, हे वेगवेगळे दोष आहेत आणि ते एकमेकांना झाकतात. म्हणून या क्रमाने सोडवा.

पहिला दोष टेक्स्ट मोडचा. विंडोजवरची सी लायब्ररी स्टँडर्ड इनपुट-आउटपुट टेक्स्ट मोडमध्ये उघडते. लिहिताना प्रत्येक ०ए (हेक्स, म्हणजे १०) चा ०डी ०ए (१३, १०) होतो. आता १० बाइटांचा संदेश घ्या. त्याची लांबी ०० ०० ०० ०ए. पाइपमध्ये पडते ०० ०० ०० ०डी ०ए. पलीकडचा वाचतो १३, आणि उरलेला ०ए संदेशाचा पहिला बाइट ठरतो. वाचताना याहून वाईट घडते : १ए हा बाइट फाइल संपल्याची खूण मानला जातो. म्हणजे लांबी २६ असलेला पहिला संदेश आला की वाचणारा ‘डेटा संपला’ म्हणतो. दोन्ही टोके टेक्स्ट मोडमध्ये असतील तर बाकीचे बाइट पूर्ववत होतात आणि फक्त १ए घात करतो. त्यामुळे दोष ‘कधीकधी’च दिसतो. मेनच्या पहिल्या ओळींत, काहीही वाचण्या-लिहिण्याआधी, सेटमोड वापरून दोन्ही प्रवाह बायनरी करा. पॅरेंट रीडफाइल-राइटफाइल थेट वापरत असेल तर तिथे रूपांतर होत नाही, पण चाइल्डमध्ये ते होतच असते.

दुसरा दोष बफरिंगचा. आउटपुट टर्मिनलऐवजी पाइपकडे गेले की ते बफर भरेपर्यंत बाहेर पडत नाही. लिनक्सवर सेटव्हीबफने ओळीगणिक बफरिंग लावून निभावता येते. विंडोजची लायब्ररी ती मागणी स्वीकारते, पण वागते पूर्ण बफरिंगसारखीच. प्रत्येक संदेशानंतर एफफ्लश करा. हे दोन्हीकडे चालते.

तिसरा, आणि सर्वांत जास्त वेळ खाणारा, हँडलच्या (उघड्या फाइल-पाइपच्या ओळखीच्या) वारशाचा. पाइपच्या लिहिण्याच्या टोकाची एक जरी प्रत कुठे उघडी असली तरी वाचणाऱ्याला शेवट कळत नाही. क्रिएट-प्रोसेसला वारसा चालू म्हणून सांगितले की वारसायोग्य अशी सगळी हँडले नव्या चाइल्डकडे जातात. दोन चाइल्ड जवळजवळ एकाच वेळी सुरू केल्या, तर पहिलीच्या पाइपचे टोक दुसरीच्या हाती जाते. पहिली संपते, पण दुसरी जिवंत असेपर्यंत पॅरेंट वाचतच राहतो. चाइल्ड सुरू होताच तिच्या बाजूची टोके पॅरेंटमध्ये बंद करा, पॅरेंटच्या टोकांवरचा वारसा सेट-हँडल-इन्फर्मेशनने काढा, आणि नेमकी कोणती हँडले द्यायची ती यादी प्रोसेसच्या ॲट्रिब्यूट लिस्टमधून द्या. दोन थ्रेड एकाच वेळी चाइल्ड सुरू करत असतील तर ही यादी दिल्याशिवाय खात्री नाही. लिनक्सवर हेच काम पाइप२ ला ओ-क्लोएक्झेक (टोक चाइल्डकडे जाऊ नये असा फ्लॅग) देऊन होते. मॅकवर पाइप२ नाही. तिथे पॉझिक्स-स्पॉनला ॲपलचा क्लोएक्झेक-डिफॉल्ट फ्लॅग द्यावा.

हे सगळे करूनही अडकत असेल, तर लिहिणे-वाचणे कोणत्या क्रमाने होते ते पाहा. पॅरेंट सगळे इनपुट लिहून मगच आउटपुट वाचत असेल, तर चाइल्डचा आउटपुट पाइप भरतो, ती लिहायला थांबते, इनपुट वाचत नाही, मग पॅरेंटही थांबतो. लिनक्सच्या पाइपमध्ये ६५,५३६ बाइट मावतात म्हणून हे लपलेले असते. विंडोजवर क्रिएट-पाइपला आकार ० दिला की बफर त्याहून कितीतरी लहान मिळतो. वाचायला वेगळा थ्रेड ठेवा. सिलेक्ट वापरून सोडवू म्हणाल तर विंडोजवर ते फक्त सॉकेटवर चालते, पाइपवर नाही.

शेवट ओळखण्याची रीतही निराळी आहे. विंडोजवर पलीकडचे टोक बंद झाले की रीडफाइल अपयशी ठरते आणि एरर १०९ देते. रीडफाइल यशस्वी होऊन ० बाइट मिळाले, तर समोरच्याने शून्य लांबीचे राइट केले एवढाच त्याचा अर्थ. लिनक्सवरून आणलेला ‘शून्य म्हणजे शेवट’ हा नियम इथे लावू नका.

प्रश्न : विंडोजच्या नेम्ड पाइपवर (नावाने उघडता येणाऱ्या पाइपवर) पहिला क्लायंट जोडला जातो, पण दोन-तीन एकदम आले की कोणाला एरर २३१ मिळते, कोणाला २. असे का होते?

उत्तर : नेम्ड पाइप हे ऐकणाऱ्या सॉकेटसारखे नसते, रांग नाही. प्रत्येक इन्स्टन्स (पाइपची एक प्रत) एकाच क्लायंटसाठी असतो. २३१ म्हणजे इन्स्टन्स आहेत, पण सगळे गुंतलेले. २ म्हणजे या घडीला त्या नावाचा एकही इन्स्टन्स नाही. सर्व्हर जुना बंद करून नवा उघडतो त्या फटीत हे घडते. आलेला क्लायंट कामाला लावण्याआधी पुढचा इन्स्टन्स तयार ठेवा. क्लायंटने २३१ वर वेट-नेम्ड-पाइप करून पुन्हा उघडायचा प्रयत्न करावा. वेट यशस्वी झाले तरी दरम्यान दुसरा क्लायंट जागा घेऊ शकतो, म्हणून लूप हवाच. कनेक्ट-नेम्ड-पाइपने ५३५ दिले तर ते अपयश नाही. क्लायंट आधीच जोडला गेला आहे. आणि डिसकनेक्ट करण्याआधी फ्लश-फाइल-बफर्स करा, नाहीतर क्लायंटने अजून न वाचलेले बाइट फेकले जातात. ‘शेवटचे उत्तर कधीकधी मिळत नाही’ या तक्रारीचे मूळ बऱ्याचदा इथेच सापडते.

विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून युनिक्स डोमेन सॉकेटही मिळते. फक्त स्ट्रीम प्रकार आहे आणि डिस्क्रिप्टर (उघड्या फाइल-सॉकेटचे क्रमांक) पाठवता येत नाहीत. एवढे चालत असेल तर दोन वेगळे कोड सांभाळण्यापेक्षा ते बरे.

प्रश्न : शेअर्ड मेमरी (दोन प्रोसेसना सामायिक मेमरी) आणि त्यातच ठेवलेला पॉझिक्स सेमाफोर (लॉकसारखा वापरता येणारा मोजक) असा आमचा लिनक्सवरचा आराखडा. मॅकवर कंपाइल होतो, पण दोन्ही प्रोसेस एकाच वेळी लॉकच्या आत शिरल्यासारखा डेटा खराब होतो.

उत्तर : शिरल्यासारखा नाही, त्या खरोखरच शिरतात. मॅकवर निनावी पॉझिक्स सेमाफोर घोषित आहेत, पण अमलात आणलेले नाहीत. सेम-इनिट उणे १ आणि ईनोसिस (ही सोय नाही) देते. कंपाइलर फार तर जुने झाल्याची ताकीद देतो. तुमच्या कोडने परत आलेली किंमत पाहिली नाही. पुढे सेम-वेटही लगेच एरर देऊन परतते, तीही पाहिली गेली नाही, आणि लॉक न लागताच काम सुरू झाले.

सेम-ओपनने नावाचा सेमाफोर घ्या. सेम-टाइमडवेट आणि पॉझिक्स मेसेज क्यू यांपैकी काहीच मॅकवर मिळत नाही, हे आराखड्याआधीच लक्षात घ्या. शेअर्ड मेमरीचे नाव ३१ अक्षरांत बसवा. एसएचएम-ओपन केलेल्या भागावर एफट्रंकेट एकदाच चालते. दुसऱ्यांदा केले की ईइनव्हॅल (अवैध मागणी). म्हणजे ‘दोन्ही प्रोसेस आकार ठरवतील’ हा लिनक्सवर खपणारा प्रकार सोडून, ओ-एक्सक्ल लावून ज्याने भाग निर्माण केला त्यानेच आकार द्यावा.

खरा अवघड भाग लॉक हाती असताना प्रोसेस मेली तर काय, हा आहे. लिनक्सवर रोबस्ट म्युटेक्स (मालक मेल्याचे कळवणारे लॉक) पुढच्याला ईओनरडेड (मालक मेला) सांगतो. विंडोजवर तेच काम वेट-अबँडन्ड करते. दोन्हींत लॉक तुम्हाला मिळालेले असते, पण आतला डेटा अर्धवट असू शकतो, म्हणून तो तपासून किंवा पुसून मगच पुढे जा. मॅकवर रोबस्ट म्युटेक्स नाही, आणि नावाचा सेमाफोर क्रॅशनंतर शून्यावरच राहतो. पुढच्या वेळी प्रोग्राम सुरू होताच अडकतो. अशा ठिकाणी फ्लॉकने फाइलवर लॉक घेणे आम्हाला सर्वांत भरवशाचे वाटते : प्रोसेस कशीही मेली तरी डिस्क्रिप्टर बंद होतो आणि कर्नल लॉक सोडतो. एफसीएनटीएलचे जुने लॉक मात्र टाळा. त्याच प्रोसेसमध्ये कोणी ती फाइल उघडून बंद केली तरी लॉक सुटते.

प्रश्न : शेअर्ड मेमरीतला रिंग बफर (गोल फिरणारी रांग) इंटेल मशीनवर वर्षभर ठीक होता. एआरएमवर लाखात एखादा संदेश जुना किंवा अर्धा मिळतो. निर्देशांक व्होलाटाइल (दर वेळी मेमरीतूनच वाचा असे कंपाइलरला सांगणारा शब्द) आहे.

उत्तर : व्होलाटाइलने इथे संरक्षण मिळत नाही. लिहिणारा आधी डेटा भरतो, मग निर्देशांक पुढे सरकवतो. इंटेलवर ही दोन लेखने इतर कोरना याच क्रमाने दिसतात. एआरएमवर नवा निर्देशांक आधी आणि डेटा मागून दिसू शकतो. मायक्रोसॉफ्टचा कंपाइलर इंटेलसाठी व्होलाटाइलला जादा अर्थ देतो, एआरएमसाठी मुळात देत नाही. त्यामुळे विंडोजवरही हा दोष उघडा पडतो. निर्देशांक ॲटॉमिक (मध्ये न तुटणारा) करा, लिहिताना रिलीज आणि वाचताना ॲक्वायर क्रम द्या. तो प्रकार लॉक-फ्री (लॉकविना चालणारा) आहे ना, हे कंपाइल करतानाच तपासा, कारण लॉक-फ्री नसलेला ॲटॉमिक प्रोसेसच्या स्वतःच्या लॉकवर चालतो आणि दुसऱ्या प्रोसेसला त्याचा पत्ता नसतो.

त्याच मेमरीत लाँग, साइझ-टी, पॉइंटर यांपैकी काही नको. ६४ बिट लिनक्सवर आणि मॅकवर लाँग ८ बाइटांचा, विंडोजवर ४. ठरलेल्या रुंदीचे प्रकार वापरा, पॉइंटरऐवजी सुरुवातीपासूनचे अंतर ठेवा, आणि स्ट्रक्चरचा आकार स्टॅटिक-असर्टने बांधून टाका. मॅपिंगचे अंतर ४,०९६ च्या पटीत धरले असेल तर ॲपलच्या चिपवर पान १६,३८४ बाइटांचे आहे आणि विंडोजवर ते ६५,५३६ च्या पटीत लागते.

प्रश्न : विंडोज सर्व्हिस (पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्राम) आणि डेस्कटॉप ॲप एकाच नावाचे शेअर्ड मेमरी ऑब्जेक्ट उघडतात. दोन्ही हाताने चालवले तर जुळतात, सर्व्हिस म्हणून नाही.

उत्तर : व्हिस्टापासून सर्व्हिसेस सेशन ० मध्ये वेगळ्या राहतात आणि साध्या नावाचे ऑब्जेक्ट त्या-त्या सेशनपुरते असते. एररचा आकडा पाहा. २ आला तर नाव सापडत नाही : नावाला ग्लोबल हा उपसर्ग लावा. ५ आला तर सापडते, पण परवानगी नाही : ऑब्जेक्ट बनवताना सिक्युरिटी डिस्क्रिप्टरमध्ये सामान्य वापरकर्त्याला नेमका तेवढाच प्रवेश द्या. ग्लोबल शेअर्ड मेमरी बनवायला खास अधिकार लागतो आणि तो सर्व्हिसला असतो. म्हणून सर्व्हिसने बनवावे, ॲपने उघडावे. लिनक्सवर याचेच भावंड भेटते : सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्ये (तिच्या मांडणीच्या फाइलमध्ये) प्रायव्हेट-टीएमपी चालू असेल तर सर्व्हिसचे तात्पुरते फोल्डर वेगळे असते आणि तिथले सॉकेट बाहेरच्याला दिसत नाही. रनटाइम-डिरेक्टरी वापरा.

प्रश्न : लोकल टीसीपी सॉकेटवर प्रत्येक विनंतीला लिनक्सवर ४० मिलिसेकंद आणि विंडोजवर २०० मिलिसेकंद जातात. प्रोसेसर तर रिकामाच असतो.

उत्तर : हे आकडेच निदान सांगतात. तुम्ही लांबी एका सेंडमध्ये आणि मजकूर दुसऱ्यात पाठवता. नेगल अल्गोरिदम पहिल्याची पोच येईपर्यंत दुसरा रोखतो आणि पलीकडचा पोच देणे लांबवतो. दोन्ही भाग एकाच राइटव्ही किंवा डब्ल्यूएसए-सेंडमध्ये पाठवा, शिवाय टीसीपी-नोडिले (नेगल बंद करणारा पर्याय) लावा. सुरुवातीच्या जोडणीलाच सेकंद लागत असेल तर क्लायंट लोकलहोस्टचा आयपीव्ही६ पत्ता आधी ठोठावत असेल, १२७.०.०.१ स्पष्ट लिहा.

प्रश्न : दोष आठवड्यातून एकदा येतो. मुद्दाम कसा आणावा?

उत्तर : जुन्या सिस्टमच्या ज्या सवयींवर प्रोग्राम टेकला आहे त्या काढून घ्या, आणि हे जुन्या, ओळखीच्या सिस्टमवरच करा. दोन प्रोसेसच्या मध्ये एक छोटा रिले ठेवा : तो एका वेळी एकच बाइट पुढे पाठवतो आणि मध्ये १ ते ५ मिलिसेकंद थांबतो. फ्रेमिंगचे दोष यात मिनिटभरात वर येतात. लिनक्सवर एफ-सेटपाइप-एसझेडने पाइप ४,०९६ बाइटांवर आणा. अडकणारा लिहिण्या-वाचण्याचा क्रम लगेच उघड होतो. लॉक घेतल्यावर लगेच प्रोसेस सिगकिलने मारा, दुसरीचे काय होते ते पाहा. एकीला सिगस्टॉपने १० सेकंद गोठवून टाइमआउट खरेच चालतात का तपासा. रिंग बफरसाठी दोन्ही बाजू एकाच प्रोसेसमध्ये दोन थ्रेड म्हणून बांधा आणि थ्रेड सॅनिटायझरखाली (थ्रेडमधली शर्यत शोधणाऱ्या साधनाखाली) चालवा, कारण दोन वेगळ्या प्रोसेसमधली शर्यत त्याला दिसत नाही.

अडकलेली प्रोसेस मारू नका, आधी तिची झडती घ्या. लिनक्सवर एस-ट्रेस (सिस्टम कॉल दाखवणारे साधन) तिच्याशी जोडला की ती कोणत्या कॉलमध्ये बसली आहे हे पहिल्याच ओळीत दिसते. मग प्रॉक फोल्डरमधल्या तिच्या एफडी यादीतून पाइपचा क्रमांक घ्या आणि तोच क्रमांक आणखी कोणाच्या यादीत आहे ते शोधा. मॅकवर हेच एलसॉफ दाखवते, विंडोजवर प्रोसेस एक्सप्लोरर. ज्या प्रोसेसचा त्या पाइपशी काही संबंध नाही अशी एखादी तिथे निघाली, तर वारशाने गेलेले टोक तेच.